कुलूप, कॅमेरा आणि शेजार



मे महिना लागला की आपल्या वसई-विरारची कितीतरी घरे कुलूपबंद होतात. पूर्वी किल्ली शेजारच्या काकूंकडे राही. आता दारावर कॅमेरा बसतो आणि सावंतवाडीच्या ओटीवरून नालासोपाऱ्याचा उंबरठा मोबाईलमध्ये दिसतो. तिन्हीसांजेला घरात आपोआप दिवा लागतो. पाहणाऱ्याला वाटते, माणसे आहेत. ही सोय मी नाकारीत नाही.

पण जुलै 2018 मधला पूर आठवा. वसई पाण्याने वेढली आणि वीज गेली. वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की कॅमेरा असून नसल्यासारखा. दुसरे, 2016 साली ‘मिराई’ नावाच्या विषाणूने जगभरातील लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्यांत असे कॅमेरे पुष्कळ होते, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता. तेव्हा राउटरला बॅटरीची जोड द्या, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर दाखवा.

आता माझ्या मनातले. कॅमेरे आले म्हणून रखवालदाराला काढणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. मोबाईलवर चोर दिसला, तर सावंतवाडीहून तुम्ही धावणार कसे? 112 जरूर फिरवा; पण पोलीस येईपर्यंत जिना चढून येणार कोण? ज्याला बारा तास राबवून आठ तासांचा पगार दिला, तोच ना? त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का?

त्याला पुरा पगार द्या, शेजारी किल्ली ठेवा, आणि मग खुशाल कॅमेरा लावा.