वानगीचे सूर

बाजारात ज्वारी घेताना कोणी सगळे पोते उपसून पाहत नाही. व्यापारी मूठभर वानगी हातावर ठेवतो, तिच्यावरून आपण माल पारखतो. आता सुरांचीही अशी वानगी मिळते. वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करायचा, ते सारे संगणकात भरायचे आणि पेटीसारख्या पट्ट्या दाबून हवे तसे बाहेर काढायचे. १९६३ साली इंग्लंडात मेलोट्रॉन नावाचे यंत्र निघाले. त्यात प्रत्येक पट्टीला एक फीत असे, पण ती आठेक सेकंदांत संपे. संगणकाला ती अडचण नाही.

या वानगीतून काही संगीतकार रोमा लोकांच्या धर्तीच्या चाली बांधतात. रोमा म्हणजे ज्यांना इंग्रज जिप्सी म्हणत ते. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेले. अजून ते पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान आणि माणसाला मनुश! हंगेरी-रुमानियात त्यांच्या वादकांनी सिम्बालम गाजवला. हा आपल्या संतूरचा भाऊबंदच. तारांवर काड्यांनी आघात करायचे.

सिम्बालमची वानगी घेणे त्यातल्या त्यात सोपे. तरी एकच सूर हळू, मध्यम आणि जोरात घ्यावा लागतो, शिवाय प्रत्येक आघात पुन्हा पुन्हा मुद्रित करावा लागतो. तसे केले नाही, तर झपाझप वाजवताना तोच तो आवाज येऊन शिवणयंत्र चालल्याचा भास होतो. व्हायोलिनचे काम त्याहून बिकट. तिथे सगळी गंमत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात. आपल्या नभोवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तिचे एक कारण हेच होते की पेटीवर मींड निघत नाही. १९७१ नंतर ती बंदी सैल झाली. पेटीची अडचण मात्र तीच राहिली.

रुमानियातल्या क्लेजानी गावचे निकोलाए नेआक्शु २००२ साली वारले. ते व्हायोलिनच्या तारेला घोड्याचा केस बांधून तो बोटांतून ओढीत. घोगऱ्या गळ्यासारखा आवाज निघे. ही करामत कोणत्या पट्टीखाली बसवणार?

आणि आणखी एक गोष्ट मला खटकते. रुमानियाच्या त्या मुलखात १८५५-५६ पर्यंत रोमा गुलाम होते, त्यांचे वादकसुद्धा. व्हायोलिन नि सिम्बालम त्यांनी वाजवले ते बव्हंशी धन्यांच्या मेजवान्यांत आणि परक्यांच्या लग्नांत, पोटासाठी. हंगेरीतले कित्येक रोमा घरी आपसांत गातात, तेव्हा यांतले काहीच नसते. दुधाची किटली वाजते, चमचे वाजतात आणि एकजण तोंडानेच ठेका धरतो. ‘जिप्सी’ अशी चिठ्ठी लावून विकतात ती वानगी बहुधा लग्नातली असते, घरातली नव्हे.

तेव्हा गुरुजी, शाळेत संगणक आला असेल तर मुलांना हे सूर जरूर ऐकवा. पण आधी किटली घ्या. आपल्या रूपकात सात मात्रा तीन-दोन-दोन अशा पडतात. बाल्कनातल्या रोमांच्या नाचांत नऊ मात्रांचा ठेका फार चालतो. तो असा धरा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. शेवटच्या तिनांवर मुले पहिल्यांदा अडखळतील. मीही अडखळलो होतो.