घर वगळून देश सांगता येत नाही



शाल-श्रीफळ झालं, गोड शब्द बोलून झाले. आता मी जे म्हणणार आहे ते इथल्या काहींना रुचणार नाही. तरी म्हणतो.

क्रांतिकारकांच्या आठवणी आपण चुकीच्या वाचतो आणि त्याहून चुकीच्या लिहितो. वक्ता उठतो, ‘घरावर तुळशीपत्र ठेवून ते निघाले’ असं म्हणतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. अहो, त्या घरात माणसं होती! त्यांचं काय झालं हे विचारायचं कुणी? पुस्तकात कुठे आई आली, बायको आली, की आमचे समीक्षक ती पानं ‘भावुक’ म्हणून बाजूला सारतात. या वाचनाला माझा उघड विरोध आहे.

हे मी लोंढ्यात बोलतो, कारण हे गाव गोवा मुक्तिलढ्याच्या इतिहासाचं साक्षीदार आहे. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध ठिणगी टाकली आणि ऑगस्टमध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी झटणारी मंडळी इथे लोंढ्यात जमली. नॅशनल काँग्रेस गोवा ही संघटना इथे जन्माला आली. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा त्यांना अटक झाली ती आपल्याच रेल्वेमार्गावर, खाली कुळ्याच्या स्टेशनवर.

पुढे १९५५ साली या संघटनेचं अधिवेशन थेट म्हापशात, पोर्तुगीजांच्या नाकासमोर भरवायचं ठरलं. अध्यक्ष म्हणून निवड झाली सुधाताई जोशी यांची. संसारी बाई, पुण्याला घर, पती महादेवशास्त्री जोशी. एप्रिलच्या त्या दिवशी सुधाताई म्हापशात लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि पोलिसांनी त्यांना धरलं. पुढे वर्षानुवर्षं तुरुंग. त्यांचंही अध्यक्षपदच होतं, मित्रहो. आज मी अध्यक्ष म्हणून बसलो आहे त्या खुर्चीकडे बघताना मला ते विसरता येत नाही.

आणि महादेवशास्त्री कोण? ‘कन्यादान’, ‘मानिनी’ हे चित्रपट ज्यांच्या कथांवरून निघाले ते. सोसणाऱ्या, मानी बायका ज्यांनी मराठी घराघरात पोचवल्या, त्यांच्याच घरातली बाई सत्याग्रहाला गेली आणि लेखणीचा माणूस घरी राहिला. तिच्या तुरुंगवासात उंबऱ्याच्या आतली बाजू त्यांनी सांभाळली. हा पुरुष कमी देशभक्त होता का? त्यांचं ‘आत्मपुराण’ मी म्हणूनच क्रांतीच्या आठवणींच्या फळीत ठेवतो. कोणाला ते केवळ एका शास्त्रीबुवांचं आत्मचरित्र वाटत असेल, तर त्यांनी ते पुन्हा उघडावं.

दुसरं पुस्तक मोहन रानडे यांचं, ‘सतीचे वाण’. सांगलीचा मनोहर आपटे गोव्यात शिक्षक म्हणून गेला, नाव घेतलं मोहन रानडे, आणि आझाद गोमंतक दलात शस्त्र हाती घेतलं. १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला, आणि हा माणूस लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात तसाच राहिला. १९६९च्या जानेवारीपर्यंत! गोवा सुटल्यावर सात वर्षांहून अधिक काळ. त्या सात वर्षांत देशाच्या कॅलेंडरावर दर डिसेंबरला मुक्तिदिन येत होता आणि सांगलीच्या त्या घराला त्यांचा मुलगा मिळत नव्हता. ही गोष्ट मुक्तिलढ्याच्या इतिहासाबाहेर कशी ठेवता?

रानड्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं. १९६८ साली पोपची भेट झाली तेव्हा मद्रास राज्याचे, म्हणजे आजच्या तामिळनाडूचे, मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी या मराठी मुलासाठी शब्द टाकला. भाषेच्या प्रश्नावर होरपळलेल्या आपल्या भागाने हे मुद्दाम लक्षात ठेवावं. आपली भाषा जिवापाड जपणारा नेता दुसऱ्या भाषेतल्या आईचं दुःख ओळखू शकतो.

काही मित्र मला म्हणतात, घरचं सांगत बसलात तर लढ्याचं तेज उतरेल. साफ खोटं. १९१९ साली अंदमानात कैदेत असलेल्या सावरकर बंधूंना भेटायला घरची माणसं तिथे पोचली, तेव्हा त्यांच्यात थोरल्या बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी नव्हत्या. बाबारावांची वाट पाहता पाहता त्या त्याआधीच गेल्या होत्या. जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा म्हणजे काय, हे मला तिथल्या कोलूच्या, म्हणजे तेलघाण्याच्या, वर्णनाइतकंच या एका गैरहजेरीने कळतं.

आता आपल्या स्वतःकडे येतो. आपल्या बेळगाव-खानापूर भागाच्या सीमालढ्यातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींची बाडं माझ्याकडे वाचायला येतात. मोर्चा, लाठीमार, हिंडलग्याचा तुरुंग, बराकीत शेजारी कोण होतं, सकाळी चहा कसा मिळाला, सगळं तपशिलाने. आणि घर? ‘सौभाग्यवतीने मोलाची साथ दिली.’ संपलं! एका ओळीत बाई आटोपली. मला विचारायचं आहे, तुम्ही आत होता त्या पावसाळ्यात चिखलात उतरून भाताची रोपं कोणी लावली? पोराची फी कुठून आली? सोनाराकडे काय गहाण पडलं, आणि ते सुटलं का? पोलीस दारात आले तेव्हा दार कोणी उघडलं आणि काय उत्तर दिलं? यातलं एकही उत्तर बाडात नसेल, तर तुम्ही अर्धीच साक्ष दिलीत, असं मी म्हणतो.

हे लेखन पुढच्या पिढीवर सोपवून चालणार नाही. १९५६ला सीमालढा पेटला तेव्हा ज्या मुली होत्या त्या आज नव्वदीकडे झुकल्या आहेत. १९८६च्या सीमाआंदोलनात ज्यांच्या घरचे पुरुष गेले, त्या बायकाही आता थकल्या. कालकुंद्री-कडोलीपासून गुंजी-नंदगडपर्यंत गावोगावी त्या आहेत. तुम्ही इथून घरी जाल तेव्हा आजीजवळ, काकूजवळ बसा. मोबाइलवर बोलणं टिपून घ्या, पत्रं असतील तर त्यांच्या प्रती काढा, तारखा विचारा. आणि पुढच्या वर्षी या व्यासपीठावर मला ते वाचून दाखवा. लिहिणाऱ्या प्रत्येकाला बोलायला पहिला वेळ मिळेल, हे आयोजकांकडून मी आजच कबूल करून घेतलं आहे.