बांधावरची शेंग आणि दावणीचें वासरूं

(गांवच्या चावडीपुढें केलेलें भाषण)



चैत्र सरला कीं दोन गोष्टी एकदमच दिसूं लागतात. बाभळींखालीं शेंगांचा सडा पडतो, आणि कडबा संपला म्हणून आपण वासरूं घेऊन बाजाराची वाट धरतों. वैशाखांत खोंड मातीमोलानें विकावयाचें आणि मृगाच्या तोंडीं कर्ज काढून बैल घ्यावयाचा, हा कोणता हिशेब?

धनगर बंधूंना हें शिकवावें लागत नाहीं. आकडीनें शेंगा पाडून ते शेळ्यामेंढ्या जगवितात. मग वासरांनींच काय पाप केलें? नुसत्या कडब्यानें पोट भरतें, पण वाढ होत नाहीं. कारण वाढत्या जनावरास लागणारें प्रथिन त्यांत थोडें. बाभळीच्या शेंगेंत तें कडब्याच्या दुपटीहून अधिक असतें.

परंतु ऐकलें आणि टोपली ओतली, असें करूं नका. ती चूक आम्हीं स्वतः केली आहे. आमच्या कालवडीपुढें आम्हीं शेंगा तशाच पोटभर टाकल्या. तिसऱ्या दिवशीं तिचें शेण घट्ट झालें व ती वैरणीला तोंड लावीना. शेणांत पाहावें तों बिया जशाच्या तशा! शेंगा बंद करून हिरवा पाला व भरपूर पाणी दिलें, तेव्हां ती सावरली. कातडें कमावणाऱ्या एका बंधूनें आम्हांस कारण सांगितलें: “गुरुजी, ज्या तुरटपणानें आम्ही कातडें कमावतों, तोच शेंगेंतहि आहे. आंतडीं आवळणार नाहींत तर काय?” पुस्तकांत त्यालाच टॅनिन म्हणतात. शाळा आमची, पण धडा त्यांनीं दिला.

म्हणून रीत अशी. पिकून पडलेल्या शेंगा घ्या; बुरशी आलेल्या फेंका. कडक उन्हांत वाळवून बी फुटेपर्यंत कांडा. बी फुटलें नाहीं तर त्यांतलें सत्त्व शेणावाटें जातें. कांडण्याचें काम एकट्या मायबहिणींवर लोटूं नका. दूध पिणाऱ्या तान्ह्या वासरास हा भरडा देऊं नका. वर्षापुढच्या वासरास प्रथम मूठभर, मग आठदहा दिवसांत वाढवीत अर्ध्या किलोपर्यंत, तोहि कडब्याच्या कुट्टींत मिसळून. मिठाचा खडा व मुबलक पाणी हवेंच. वेड्या बाभळीची शेंग गोड, पण तीहि कांडूनच द्या. नाहींतर शेणांतून तिचें बीं रानभर पसरेल.

अर्ध्या किलोप्रमाणें ६० दिवसांस एका वासरामागें ३० किलो लागतात. पोरांनीं चार सकाळीं वेंचल्या तर तेवढ्या जमतील.

शेंगांनीं दुष्काळ टळतो, असें आम्ही म्हणत नाहीं. १९७२ सारखें वर्ष आलें तर सरकारजवळ छावणी व चारा मागितलाच पाहिजे. पण एरवींच्या उन्हाळ्यांत दावणीचें वासरूं विकण्यापूर्वीं एकदां आपल्या बांधाकडे पाहा, एवढीच विनंती.