बिनपगारी उमेदवारी आणि विद्यार्थ्यांचा निर्वाह

(महाविद्यालयांचे प्राचार्य, अध्यापक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत, वकिलाच्या कार्यालयात, संग्रहालयात किंवा स्वयंसेवी संस्थेत दीड-दोन महिने काम शिकावे, आणि त्या कामाचा मोबदला मिळत नसेल तर तेवढ्या काळापुरता त्यांच्या निर्वाहाचा खर्च अनुदानरूपाने कोणी तरी उचलावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु या लहानशा प्रश्नावर पुष्कळशा तरुणांचे पुढील आयुष्य अवलंबून असते, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे.

उमेदवारी हा शब्द आपल्याला नवा नाही. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून ‘उमेदवार’ म्हणून तरुण मंडळी काम करीत असत. पगार नसे; पुढेमागे जागा रिकामी होईल आणि आपली वर्णी लागेल, या आशेवर ते दिवस काढीत. अर्थात, ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची सोय होती, त्यालाच ही आशा परवडत असे. आज उमेदवारीला इंटर्नशिप किंवा कार्यप्रशिक्षण म्हणतात. नाव बदलले, पण घरची सोय असणाऱ्यालाच ती परवडते, ही स्थिती मात्र बहुतांशी तशीच राहिली आहे.

ऐच्छिक होते ते आवश्यक झाले

पूर्वी असे काम ज्याला जमेल त्याने करावे, अशी स्थिती होती. आता ती राहिलेली नाही. वकील परिषदेच्या २००८ सालच्या विधिशिक्षण नियमांनुसार कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या अभ्यासक्रमांतही कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने चार श्रेयांकांसाठी १२० तासांचे काम होते.

ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पुस्तकी शिक्षणाला कामाची जोड असावी, ही आपली जुनीच मागणी होती. परंतु जे काम अभ्यासक्रमाचा भाग झाले, त्याचा खर्चही शिक्षणाचा खर्च मानला पाहिजे. शुल्कमाफी देऊन आपण महाविद्यालयाचे दार उघडले. मात्र त्या दारातून आत आलेल्या मुलीला पुण्या-मुंबईत दोन महिने राहावयाचे झाल्यास खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि जाण्यायेण्याचा खर्च शुल्कमाफीत बसत नाही.

शिवाय, ग्रामीण भागात उन्हाळ्याची सुटी म्हणजे विश्रांतीचा काळ नव्हे. त्या दोन महिन्यांत शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील कित्येक विद्यार्थी मजुरीवर जातात, दुकानात राबतात, आणि त्या कमाईतून जूनमधील वह्या-पुस्तकांचा व प्रवेशाचा खर्च भागवितात. बिनपगारी काम स्वीकारावयाचे म्हणजे त्यांना दुहेरी फटका बसतो: शहरातील खर्च वाढतो आणि गावाकडील मिळकत बुडते. मग तो विद्यार्थी जवळच्या कोणाकडून तरी प्रमाणपत्र मिळवून तास भरून काढतो. चांगल्या ठिकाणचा अनुभव, तेथील वरिष्ठांची ओळख आणि त्यांचे शिफारसपत्र हे सारे ज्याच्या वडिलांचे घर शहरात आहे, त्याच्या वाट्याला जाते. परीक्षेत दोघांना सारखेच गुण मिळतात, आणि नोकरीच्या मुलाखतीत मात्र एक जण मागे पडतो. त्या अपयशाचे कारण गुणपत्रिकेत कोठेच दिसत नाही.

आपली परंपरा काय सांगते?

विद्यार्थ्याला विद्येबरोबर अन्नही लागते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची पद्धत पुण्यासारख्या शहरात रूढ होती. तिच्यात जातीची बंधने होती आणि उपकाराचे ओझेही होते, हे विसरता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामुळे बहुजन समाजाच्या मुलांना शहरात हक्काचा निवारा मिळाला. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी गेले, ते सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले. त्यांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. गुणवत्ता असलेल्या मुलाचा निर्वाह कोणी तरी पत्करला, म्हणून ती गुणवत्ता समाजाच्या उपयोगी पडली. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुले कष्ट करीत होती, परंतु त्या कष्टातून त्यांची भाकरी निघत होती. कष्टही करावयाचे आणि भाकरीही पदरची आणावयाची, असे ते तत्त्व नव्हते.

सध्याच्या योजनांतील पोकळी

यावर कोणी विचारील की, शासनाच्या इतक्या योजना असताना आणखी एक कशाला? म्हणून त्यांचा आढावा घेऊ. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यांतील प्रशिक्षणार्थींना विद्यावेतनाचा हक्क दिला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर आणि पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. तिच्यात बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,०००, पदविकाधारक व औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्यांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. त्याच वर्षी केंद्र शासनाने प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये आणि एकरकमी ६,००० रुपये देण्याची तरतूद होती.

या योजनांचा उपयोग निःसंशय आहे. तथापि २०२४ च्या या दोन्ही योजना ज्या नियमांनिशी सुरू झाल्या, त्यांनुसार पूर्णवेळ शिक्षण चालू असलेला विद्यार्थी त्यांत बसत नव्हता. त्या शिक्षण संपलेल्या तरुणांसाठी आखल्या होत्या. दुसऱ्या बाजूला, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत शिकणाऱ्या मुलांच्या निर्वाहाचा विचार आहे. पण तो जेथे महाविद्यालय आहे त्या गावातील निवासाचा आहे. सुटीत परगावी जाऊन बिनपगारी काम शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च या दोन प्रकारच्या योजनांच्या मधल्या फटीत पडतो. ही फट बुजविणे, हाच आपल्यापुढील प्रश्न आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला महाविद्यालयांनीच एक उत्तर शोधले आहे. तेथील अनेक महाविद्यालये उन्हाळ्यातील बिनपगारी कामासाठी विद्यार्थ्यांना एकरकमी अनुदान देतात आणि त्याचा पैसा बहुधा माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभा राहतो. शासकीय पातळीवरही तेथे उशिरा का होईना, पावले पडली. २०१८ मध्ये त्यांच्या संसदेने सदस्यांच्या कार्यालयांतील प्रशिक्षणार्थींच्या वेतनासाठी निधी मंजूर केला आणि अध्यक्षांच्या कार्यालयातील प्रशिक्षणार्थींना २०२२ च्या शरद ऋतूपासून वेतन मिळू लागले. धनाढ्य देशालाही ही अडचण जाणवली, याचा अर्थ ती केवळ दारिद्र्याची नसून संधीच्या वाटपाची आहे.

योजना कशी असावी?

एक हिशेब मांडतो. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या ठिकाणी ते बदलून घ्यावेत. शहरात सामाईक खोलीचे भाडे महिना ३,००० रुपये, खाणावळ ३,००० आणि प्रवास १,००० धरला, तर दोन महिन्यांचा खर्च १४,००० रुपये होतो. एका महाविद्यालयाने दरवर्षी २० विद्यार्थी निवडल्यास २,८०,००० रुपये लागतील. सात टक्के व्याज धरले तर ४० लाखांच्या कायम ठेवीतून ही रक्कम दरवर्षी निघू शकते. माजी विद्यार्थी, स्थानिक दाते आणि कंपन्या यांनी मनावर घेतले तर एवढी ठेव काही वर्षांत जमणे अशक्य नाही. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सामाजिक कार्यासाठी सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करणे बंधनकारक केले असून शिक्षण व कौशल्यविकास हे विषय त्यात अंतर्भूत आहेत.

मात्र पैसा जमविण्याइतकेच तो कसा द्यावयाचा, हेही महत्त्वाचे आहे. त्यासंबंधी काही पथ्ये सांगतो.

पहिले पथ्य असे की, निम्मी रक्कम विद्यार्थी घरून निघण्यापूर्वीच त्याच्या हाती पडली पाहिजे. ‘आधी खर्च करा, मग पावत्या जोडा’ ही पद्धत कार्यालयाला सोयीची असली, तरी ज्याच्याकडे आधी खर्च करावयास पैसा नाही, त्याच्यासाठी ते अनुदान कागदावरच राहते.

दुसरे, निर्णय वेळेवर व्हावा. फेब्रुवारीअखेर निवड झाली, तरच मे महिन्यासाठी जागा व निवास ठरविता येतो. जूनमध्ये मंजूर झालेल्या उन्हाळी अनुदानाचा कोणाला उपयोग?

तिसरे, हे अनुदान नफा कमावणाऱ्या आस्थापनेला फुकट मनुष्यबळ पुरविण्यासाठी नाही. ज्यांना विद्यावेतन देणे शक्य आहे, त्यांनी ते दिलेच पाहिजे. ग्रामीण रुग्णालय, विधिसेवा, पुराभिलेख, ग्रंथालय, पाणी व मातीच्या प्रयोगशाळा, स्वयंसेवी संस्था, अशा लोकोपयोगी परंतु निधीची चणचण असलेल्या ठिकाणांसाठीच ते राखून ठेवावे. नेमलेल्या कर्मचाऱ्याचे काम विद्यार्थ्याकडून करून घेतले जाऊ नये.

चौथे, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक अध्यापक असावा. त्याने काम सुरू असताना एकदा तरी प्रत्यक्ष भेट द्यावी, मुलींच्या निवासाची सुरक्षितता स्वतः पाहावी आणि अखेरीस विद्यार्थ्याचा अहवाल वाचून त्यावर चर्चा करावी.

पाचवे, निवडीत केवळ गुणांचा विचार नसावा. घरातील पहिलेच मूल महाविद्यालयात आले असेल, तर त्याला प्राधान्य द्यावे. पैसा हाती असूनही कोणत्या दारी जावे, हे त्यालाच कळत नसते.

पंचायतींचे कार्य

पंचायत सदस्यांना वाटेल की हा महाविद्यालयांचा प्रश्न आहे. तसे नाही. कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात, तेव्हा त्यांना शेतकऱ्यांपर्यंत नेणारे आपणच असता. हेच अगत्य इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही दाखविता येईल. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने बचत गटाचे हिशेब नीट लावून द्यावेत, भूगोलाच्या विद्यार्थिनीने गावातील विहिरींच्या पातळीची नोंद करावी आणि गावाने त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करावी, यात दोघांचेही हित आहे.

आणि गावचे मूल शहरात जाते तेव्हा? मुंबईच्या गिरणगावात कोकणातील गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. नवा मुलगा नोकरीसाठी आला की त्याचा बिछाना त्या खोलीत पडे आणि जेवणाची सोय खाणावळीत होई. शहरात स्थायिक झालेल्या ग्रामस्थांची मंडळे आजही आहेत. यात्रेसाठी आणि देवळाच्या जीर्णोद्धारासाठी ती वर्गणी गोळा करतात. गावच्या दोन मुलींना दोन महिने निवारा देणे, हे काम त्यांना अवघड नाही. त्यांच्यापर्यंत ही गरज पोहोचविणे मात्र पंचायतीचे काम आहे.

काही जण म्हणतील, हालअपेष्टांतूनच माणूस घडतो. हालअपेष्टांतून काही माणसे घडली, हे खरे आहे. पण किती जण मध्येच थांबली, त्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही. जी मुले थांबतात ती तक्रार करीत नाहीत. प्राचार्यांकडे त्यांचा अर्ज येत नाही, कारण अर्ज करण्याजोगी योजनाच नसते. मे महिन्यात ती निमूटपणे कामावर जातात, आणि आपण समजतो की सर्व सुरळीत चालले आहे.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, येत्या सत्रापासून प्रत्येक महाविद्यालयाने निदान पाच विद्यार्थ्यांपासून आरंभ करावा, आणि कोणते विद्यार्थी केवळ खर्चामुळे चांगली संधी सोडत आहेत, याची यादी अध्यापकांनी आजच करावयास घ्यावी. ती यादी हाती आली की पुढे किती मजल मारावयाची, हे आपल्याला आपोआप समजेल.