निरंक आणि मौन

ट्रान्समीटर हा शब्द आकाशवाणीच्या श्रोत्यांना नवा नाही. परंतु आज ज्याच्याविषयी बोलावयाचे आहे त्या ट्रान्समीटरला उंच मनोरा नसतो. जेमतेम नारळाएवढे हे यंत्र खताच्या कारखान्यात, तेलशुद्धीकरणात वा वीजकेंद्रात एखाद्या नळाशी निमूटपणे बसलेले असते, आणि आतल्या वाफेचा किंवा वायूचा दाब किती, एवढेच दूरच्या नियंत्रण-कक्षास कळवीत असते.

पूर्वी हे काम तबकडीवरील काट्याकडे असे. फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ याने १८४९ साली वक्र नळीचे दाबमापक काढले, ते अजूनही सर्वत्र दिसते. एका कारखान्यातील वृद्ध फोरमन तबकडीच्या काचेवर टिचकी मारल्याखेरीज आकडा वहीत लिहीत नसत, हे मी पाहिले आहे. काटा अडकला तर नाही ना, एवढीच त्यांची शंका.

पुढे दाबाचा निरोप विजेच्या तारेवरून जाऊ लागला, तेव्हा एक संकेत रूढ झाला : मोजमापाच्या तळाशी ४ मिलिॲम्पिअर प्रवाह आणि माथ्याशी २०. शून्य दाबाला शून्य प्रवाह का नसावा? सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या मला याचे उत्तर तत्काळ पटले. तालुक्याहून 'निरंक' असा अहवाल येणे वेगळे आणि अहवालच न येणे वेगळे. ४ मिलिॲम्पिअर म्हणजे निरंक. काहीच न येणे म्हणजे तार तुटली.

१९८३ साली अमेरिकेतील हनीवेल कंपनीने 'स्मार्ट' ट्रान्समीटर आणला. या जातीचा तो पहिला मानला जातो. दाबाने पातळ चकती किंचित लवते; त्या लवण्यातून उठणाऱ्या संकेतात तापमानामुळे शिरलेली चूक आतील मायक्रोप्रोसेसर काढून टाकतो. स्वतःत बिघाड आढळला तर ठरलेल्या मर्यादेबाहेरचा प्रवाह सोडून तसे कळवितो. इतकेच नव्हे, त्याच दोन तारांवरून त्याची प्रकृती विचारता येते आणि त्याचा पल्लाही बदलता येतो.

माझी धास्ती या शेवटच्या सोयीविषयी आहे. समजा, पल्ला शून्य ते १० बार होता. कोणी तो दूर बसून १६ केला, आणि नियंत्रण-कक्षातील नोंद मात्र १० चीच राहिली. नळात ८ बार दाब असता यंत्र आपल्या हिशेबाने अचूक १२ मिलिॲम्पिअर पाठविते; कक्षात त्याचा अर्थ ५ बार असा लागतो. बिघडलेले कोणीच नाही. मात्र धोक्याची घंटा ७ बारवर लावलेली असेल तर ती वाजणार नाही, आणि त्या नळापाशी पाना घेऊन उभा असलेला कामगार स्वस्थचित्त राहील. यंत्राला थेट विचारले तर ते ८ च सांगेल. पण विचारणार कोण?

दुसरा घात बारीक नळीचा. मुख्य नळातला दाब यंत्रापर्यंत आणणारी ही नळी गाळाने तुंबली, की जुनाच दाब आत कोंडून राहतो आणि आकडा शांत दिसतो. काही नवी यंत्रे दाबाची स्वाभाविक धुगधुगी मंदावताच संशय घेतात. फोरमनची टिचकीच ही!

मध्यंतरी एका पाहणीत मी अशा यंत्रांची नोंदवही चाळली. तपासणीच्या तारखा होत्या, सह्या होत्या. 'पल्ला बदलला असल्यास कोणी व केव्हा' हा रकाना मात्र पानोपान कोरा होता. निरंक असेही कोणी लिहिले नव्हते.