नोंदवहीच्या दारावरील पहारेकरी



जमाखर्चाची वही ठेवणारा जुना कारकून खोडाखोड करीत नसे. चूक झाली, तर नवी नोंद करून ती दुरुस्त करी. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणारांचीही अशीच एक वही आहे. तिचें नांव गिट. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं ती २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं तयार केली. मजकुरांतील प्रत्येक फेरफार, तो कोणीं व केव्हां केला यासह, तींत नोंदला जातो; अशा नोंदीस कमिट म्हणतात.

या वहीची नक्कल प्रत्येक सहकाऱ्याकडे असते. म्हणून एखादा परवलीचा शब्द नजरचुकीनें नोंदला गेला आणि पुढें धाडला गेला, तर नंतरच्या पानावर तो पुसला तरी जुन्या पानावर राहतो, आणि तें पान अनेकांच्या घरीं पोंचलेलें असतें. सबब तपासणी नोंदीपूर्वींच व्हावयास हवी. ती करणाऱ्या लहान आज्ञावलींस हुक म्हणतात.

नवी वही उघडतांच ‘.गिट’ या झांकलेल्या कप्प्यांत ‘हुक्स’ नांवाचा पोटकप्पा तयार होतो व त्यांत नमुने असतात. त्यांच्या नांवामागें ‘सँपल’ असें शेपूट असतें. तें काढावें, फाइलीस चालविण्याची परवानगी द्यावी, कीं पहारेकरी कामावर रुजू झाला. ‘प्री-कमिट’ नोंदीपूर्वीं मजकूर तपासतो. ‘कमिट-एमएसजी’ नोंदीसोबतचा खुलासा वाचतो. ‘प्री-पुश’ नोंदी दुसरीकडे धाडण्याआधीं उभा राहतो. तपासणीअंतीं हुकानें शून्य हा अंक परत केला, तर वाट मोकळी; दुसरा कोणताही अंक आला, तर काम तेथेंच थांबतें. ‘पोस्ट-कमिट’ मात्र नोंदीनंतर चालतो. त्याला वर्दी देतां येते, अडवितां येत नाहीं.

आतां सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली ही, कीं नोंदीसाठीं निवडून ठेवलेला मजकूरच तपासावा, मेजावर पसरलेला नव्हे. दोहोंत फरक असूं शकतो. त्यासाठीं ‘गिट डिफ’ या आज्ञेस ‘कॅश्ड’ हा शब्द जोडावा लागतो.

दुसरी गोष्ट आम्हां मराठी माणसांस विशेष लागू आहे. प्री-कमिटचा तयार नमुना नव्या फाइलींचीं नांवें पाहतो, आणि त्यांत आस्की संचाबाहेरचें अक्षर आढळल्यास नोंद नाकारतो. कारण अशीं नांवें सर्व संगणकांवर सारखीं चालतील याची खात्री नसते. हेतु चांगला, पण ‘प्रस्तावना’ असें देवनागरी नांव दिलेली फाइलही तो परत पाठवितो! आंतील मजकूर देवनागरी असण्यास त्याची हरकत नसते. ‘हुक्स डॉट अलाउनॉनआस्की’ ही मांडणी ‘ट्रू’ केली, कीं अडसर निघतो. आणि हें त्या नमुन्यांतच लिहिलेलें आहे. परंतु तें वाचतो कोण? न वाचतां स्वीकारलेला नियम आपल्याच लिपीस दाराबाहेर उभी करतो.

वहीची नक्कल घेतली, तरी पहारेकरी सोबत येत नाहींत. हें योग्यच आहे. परक्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर आपोआप चालूं लागल्या, तर सुरक्षित कोण राहील? यास्तव हुक वहींतीलच एका साध्या कप्प्यांत ठेवावे, आणि प्रत्येकानें ते वाचून ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ या मांडणीनें तो कप्पा गिटला दाखवावा. ही सोय २०१६ सालच्या २.९ या आवृत्तीपासून आहे.

इतकें करूनही ‘नो-व्हेरिफाय’ एवढा शब्द जोडून कोणालाही प्री-कमिटला चुकवितां येतें. जेथें नियम मोडतां कामा नये, तेथें मुख्य ठाण्याच्या संगणकावर ‘प्री-रिसीव्ह’ हा हुक बसवावा. नोंदी धाडणाराला तो टाळतां येत नाहीं. घरचा हुक आठवण देण्यासाठीं, ठाण्यावरचा अडविण्यासाठीं. उत्तरपत्रिका देण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें ती स्वतः वाचावी आणि मग परीक्षकानेंही तपासावी. एकाच्या कामानें दुसऱ्याचें काम सरत नाहीं.