झाकलेले दुखणे
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या कार्यवाहांनी गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन 'संसारातील चढउतार' या विषयावर चार शब्द बोलावे असा आग्रह धरला. आम्ही जुन्या अकरावीचे, १९७४ सालचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात एकोणचाळीस वर्षे गेली. विद्वत्तेचे असे आमच्यापाशी काही नाही. तेव्हा ऐकीव उपदेश करण्यापेक्षा आमच्याच घरात घडलेली हकीकत आपल्यापुढे ठेवावी, असे आम्ही ठरविले. ही हकीकत आम्ही जवळजवळ वीस वर्षे झाकून ठेवली होती. आज ती सांगण्यास आमच्या सौभाग्यवतींची संमती आहे. त्या समोरच बसल्या आहेत. आमचे काही चुकले तर तेथूनच दुरुस्त करतील.

गोष्ट २००५ सालची. आम्ही सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी नोकरीस होतो. घर एकत्र होते. आम्ही उभयता, आमची विवाहयोग्य कन्या, धाकटे बंधू, त्यांचे कुटुंब आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. त्या पावसाळ्यात सौ.ना खोकला लागला. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झाले, हळद-दूध झाले. महिना लोटला तरी खोकला हटेना. तिन्हीसांजेस अंगात कणकण येई, रात्री घामाने उशी भिजे. मनगटावर घट्ट बसणाऱ्या बांगड्या हात वर करताच कोपरापर्यंत घसरू लागल्या. काय असावे, हे आम्ही मनात ओळखले होते.

त्या काळी तीन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासावी असा नियम होता. आता तो दोन आठवड्यांचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. तपासणीस किंवा औषधास तेथे पैसा पडत नसे. तशी पाटीच दारावर होती आणि जातायेता ती आमच्या दृष्टीस पडे. एवढेच कशाला, दरवर्षी २४ मार्चला क्षयरोगदिनाची प्रभातफेरी काढून मुलांकडून घोषणा म्हणवून घेणारे गुरुजी आम्हीच! परंतु त्या दाराची पायरी आम्ही चढलो नाही.

कारण सांगण्यासारखे नाही, तरी आपणांस ते समजेल. कन्येच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. आपली ज्ञाती लहान. कोणत्याही दोन घरांत कोठे ना कोठे नाते निघतेच. 'त्यांच्याकडे क्षय आहे' एवढे तीन शब्द एका पंगतीत उच्चारले गेले की दुसऱ्या लग्नाच्या पंगतीपर्यंत ते सर्व तालुक्यांत पोहोचतात. रजेच्या अर्जावर कारण लिहावे लागते आणि पंचायत समितीच्या कार्यालयात आपल्याच ज्ञातीचे एक गृहस्थ लेखनिक होते. सबब आम्ही 'घरगुती कारण' असे लिहिले, आणि सौ.ना घेऊन साठ किलोमीटरांवरील एका शहरात खाजगी डॉक्टरांकडे गेलो. शेजारीपाजारी सांगितले, नृसिंहवाडीस दत्तदर्शनास जातो. आता वाडीस गेले म्हटल्यावर प्रसाद हवा. म्हणून दर खेपेस शहरातून पेढे आणि कवठाची बर्फी विकत आणून आळीत वाटावी लागे. आज हसू येते. त्या वेळी एस.टी.तून परत येताना एका पिशवीत बर्फी आणि दुसऱ्या पिशवीत औषधे, असे आम्ही दोघे एकमेकांशी न बोलता बसत असू.

डॉक्टरांनी निदान बरोबर केले, औषध योग्य दिले आणि सहा महिने खंड पडू देऊ नका असेही बजाविले. दोष त्यांचा नव्हे. पहिल्याच आठवड्यात लघवी लालसर होऊ लागली. सौ. घाबरल्या, आणि आम्हांसही न सांगता दोन दिवस त्यांनी गोळ्या उशीखाली ठेवल्या. हा रंग त्या गोळ्यांपैकी एकीमुळे येतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, हे आम्हांस पुढे कळले. चारचौघांत विचारता येत नसल्यामुळे एवढी साधी गोष्ट कळण्यासही पुढची खेप उजाडावी लागली.

दोन महिन्यांत खोकला थांबला. भूक लागू लागली, चेहऱ्यावर तजेला आला, बांगड्या पुन्हा मनगटावर ठरल्या. इकडे आमचा खिसा रिकामा होत चालला होता. भविष्यनिर्वाह निधीतून कन्येच्या विवाहासाठी काढलेली रक्कम प्रवासात आणि औषधात विरघळत होती. अडीच महिने झाले आणि गोळ्या बंद झाल्या. त्या डॉक्टरांनी बंद केल्या नाहीत; आम्ही केल्या. माणूस चालते-फिरते झाले, आता औषध कशास, असे आमच्यासारख्या शिकलेल्या माणसासही वाटले. जंतू संख्येने कमी होतात म्हणून लक्षणे जातात. उरलेले नाहीसे करण्यासाठीच पुढचे महिने असतात. हे आम्ही आज सांगतो. तेव्हा समजून घेण्याची आमची इच्छाच नव्हती.

आणि ज्या सोयरिकीसाठी हे सोंग उभे केले, ती डिसेंबरात मोडली. क्षयामुळे नव्हे, त्याचा तर कोणास सुगावाही नव्हता. कार्यालय कोणत्या गावी घ्यावे आणि मानाचे आहेर किती, यावरून मोडली.

घरातील आमची वागणूक कशी होती, हेही सांगितले पाहिजे. सौ.चे ताट, वाटी, तांब्या आम्ही वेगळे काढले होते. कोणी विचारले तर त्यांचे व्रत आहे असे सांगत असू. वास्तविक हा रोग ताटवाटीतून पसरत नाही. तो रोग्याच्या खोकल्याबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे, हवेतून पसरतो. कोंदट, बंद खोलीत तर अधिक. आमचा पुतण्या त्यांना 'मोठी आई' म्हणे आणि रोज रात्री गोष्ट ऐकत त्यांच्याच कुशीत झोपी जाई. पावसाळ्यामुळे खिडक्या लावलेल्या असत. वाटी वेगळी ठेवली आणि मूल कुशीत ठेवले, असे आमचे शहाणपण! त्यास दूर निजवावे तर त्याची आई कारण विचारील, म्हणून आम्ही तेही केले नाही.

२००६ च्या वैशाखात खोकला परत आला, आणि एके सकाळी थुंकीत रक्त दिसले. तेव्हा मात्र त्या पाटीच्या दारातून आत जावेच लागले. तीन वेळा थुंकी तपासली. औषध मध्येच सोडलेला रोगी म्हणून त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आठ महिन्यांचा उपचार ठरला. पहिले दोन महिने एक दिवसाआड, आठवड्यातून तीन अशी चोवीस इंजेक्शने, आणि सोबत गोळ्या. ही पद्धत आता राहिलेली नाही. २०१७ पासून औषध रोजच्या रोज देतात. त्या काळी प्रत्येक रोग्याच्या नावाचा स्वतंत्र डबा असे. पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याचा तांबडा, आणि आमच्यासारख्या परतलेल्यांचा निळा. डबा अंगणवाडीताईंच्या कपाटात राही आणि गोळ्या त्यांच्यासमोर घ्याव्या लागत. डब्यावर पूर्ण नाव नको, एखादे अक्षर लिहा, अशी सौ.नी विनवणी केली. ताई म्हणाल्या, "काकू, नाव नसेल तर तुमची गोळी दुसऱ्याच्या पोटात जाईल." आम्ही आयुष्यभर हजेरीपटावर नावे लिहिली, परंतु नाव कशासाठी लिहावयाचे असते, हे आम्हांस त्या सातवी शिकलेल्या बाईंनी सांगितले.

केंद्रावरील डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी प्रश्न केला, "घरात सहा वर्षांखालील मूल आहे का?" आम्ही पुतण्याचे वय सांगितले. त्यास घेऊन गेलो. मानेच्या उजव्या बाजूस, कानाखाली, बोराएवढी गाठ होती. त्याच्या आईने ती पाहिली होती. दात येत असतील, उतरेल, असे तिला वाटले होते. गाठीतील पाणी तपासल्यावर तीही क्षयाचीच निघाली. रोग्याच्या घरातील एवढ्या लहान मुलांना आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या देण्याची सोय तेव्हाही होती. आम्ही आदल्या वर्षी त्या केंद्रात नाव नोंदविले असते, तर त्यासही त्या मिळाल्या असत्या. डॉक्टर हे रागाने म्हणाले नाहीत. नुसते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले.

त्या रात्री बंधू ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसले. त्यांनी एवढेच विचारले, "दादा, वहिनींना काय झालंय हे तुम्हांला गेल्याच वर्षी ठाऊक होतं?"

आम्ही म्हटले, "होय."

ते काही बोलले नाहीत. आमच्या वडिलांच्या माघारी आम्ही त्यांस वाढविले. त्यामुळे बोलण्याची त्यांस सवयच नव्हती. तिसऱ्या दिवशी माजघरात दुसरी चूल मांडली गेली. मुलाने सहा महिने औषध घेतले आणि गाठ विरली. आठ महिने पुरे होताच सौ.ची थुंकीही स्वच्छ आली. शेवटच्या दिवशी रिकामा निळा डबा ताईंकडून मागून आणून त्यांनी त्यात शिवणाचे दोरे ठेवले. तो अजून आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या आज्या-पणज्या या रोगास भीत असत, ते वावगे नव्हते. डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेहून पदवी घेऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास क्षयाने गेल्या. कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. परंतु औषध कोणापाशीच नव्हते. मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि विश्रांती एवढाच उपाय. त्यासाठी ऐपतीची माणसे मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जाऊन राहत, इतरांची घरच्या ओसरीवर खाट पडे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. पुढे मद्रास येथे १९५६ साली निघालेल्या केंद्रात गरीब वस्तीतील रोग्यांवर तुलना करून पाहण्यात आली. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष आला की घरी राहून नियमित औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात, आणि औषध सुरू असता त्यांच्या घरच्यांना अधिक धोका पोहोचत नाही. साऱ्या जगाने हा धडा आपल्या देशातून घेतला. तेव्हा आमच्या आजीची भीती ज्ञानातून आली होती. आमच्या भीतीस, २००५ साली, तसा आधार उरला नव्हता.

आता तर थुंकीची तपासणी यंत्रावर काही तासांत होते आणि नेहमीच्या औषधास जंतू दाद देतात की नाही, हेही त्यातच कळते. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात, म्हणून ही तपासणी फार महत्त्वाची. रोग्याच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये बँकेत भरू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले आहेत. आपल्यापैकी काही घरांनी ही रक्कम घेतली नाही असे आमच्या कानी आहे. गरज नव्हती म्हणून नव्हे, तर पासबुकातील नोंद कोणी वाचील म्हणून.

२००८ साली कन्येस दुसरे स्थळ आले. या वेळी सौ.नीच हट्ट धरला की सुपारी फुटण्यापूर्वी सारे सांगावयाचे. आमची तयारी नव्हती, हे कबूल करतो. वराचे वडील शेतकरी, मितभाषी. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "गोळ्या पुऱ्या झाल्या का?" सौ. म्हणाल्या, "झाल्या. डबा दाखवू?" त्यावर ते म्हणाले, "राहू द्या, चहा टाका." सगळीच माणसे अशी भेटतील असे आम्ही म्हणत नाही. एका घराने त्यापूर्वी एवढ्यावरून नकार कळविलाही होता.

आपल्या वधू-वर मेळाव्याच्या पत्रकात 'आरोग्य' असा एक रकाना आहे. आम्ही गेल्या वर्षी ती पत्रके जुळविण्यास मदत करीत होतो. एकूण एक पत्रकात 'उत्तम' असे लिहिलेले! इतकी निरोगी ज्ञाती पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. कार्यकारिणीस आमची विनंती आहे की तो रकाना एकतर काढून टाकावा, अथवा त्याखाली छापावे की बऱ्या झालेल्या आजाराचा उल्लेख स्थळ नाकारण्याचे कारण मानू नये. कोणते करावे याविषयी आमचे मन अजून ठरत नाही. आपण ठरवावे.

आमचा तो पुतण्या आता पुण्यास नोकरीस आहे. आजच्या ध्वनिक्षेपकाची व्यवस्था त्यानेच केली आहे. बंधू आणि आम्ही एकमेकांच्या घरी जातो-येतो, दिवाळीस फराळाची ताटे इकडून तिकडे जातात. चूल मात्र अद्याप वेगळीच आहे.

जाता जाता एक सूचना. दर सोमवारी सकाळी दहा ते बारा आम्ही संस्थेच्या कचेरीत बसत जाऊ. कोणास सरकारी दवाखान्यात एकटे जाण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी यावे. आम्ही सोबत येऊ, आणि शेजाऱ्यांनी विचारलेच तर दवाखान्यात निघालो आहोत असेच सांगू. बहिणींना पुरुषमाणसापाशी बोलणे अवघड वाटत असेल, तर आमच्या सौ. तेथे असतील.